अर्थ सांगणाऱ्याने जबाब दिला पाहिजे

पवित्र शास्त्राचा अर्थ मंडळीला सांगणे हे ख्रिस्ती पाळकाचे मुख्य काम आहे. लग्ने लावणे, मयताला जाणे, कमिटीच्या बैठका घेणे ही कामे त्यानंतरची. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचून झाला की मंडळी शांत बसते आणि पुढचा अर्धा-पाऊण तास एकच माणूस बोलतो. तो जे सांगतो ते लोक घरी नेतात. मुलीला पुढे शिकवायचे की नाही, कर्ज काढायचे की नाही, आजारपणात औषध चालू ठेवायचे की नुसती प्रार्थना करायची, वर्षानुवर्षे न बोललेल्या भावाकडे जायचे की नाही, असे निर्णय त्या बोलण्यावर होतात. एवढा भरवसा समाज फार थोड्या लोकांवर टाकतो. हा भरवसा कशावर उभा आहे, त्याची मर्यादा कोणती आणि तो मोडला तर जबाब कोणी द्यायचा, हे प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात उघडपणे विचारले गेले पाहिजेत. आज विचारणाऱ्याला बंडखोर ठरवले जाते, नाहीतर त्याचा विश्वास कमी पडला असे म्हटले जाते. मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या व्यासपीठाने हा विषय पाळकांच्या परिषदेवर सोपवून मोकळे होऊ नये. मराठी ख्रिस्ती साहित्य जन्मालाच आले ते शास्त्राचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगण्यासाठी. त्या अर्थाचे काय चालले आहे हे पाहणे त्याचेच काम आहे.

शास्त्राला शिक्षक लागतो, हे शास्त्र स्वतःच सांगते. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पाणीवेशीपुढच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. समोर पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, ज्यांना समजू शकते असे सगळे आहेत. नुसत्या वाचनावर काम भागत नाही. तेरा जणांची नावे तिथे दिली आहेत. ते आणि लेवी लोकांमध्ये राहून वाचलेल्याचा अर्थ समजावून देतात. नव्या करारात कूशी देशाचा एक अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत असतो. कोणी समजावल्याशिवाय कसे कळणार, असे तो फिलिप्पाला सरळ विचारतो आणि त्याला रथात बोलावून घेतो. ऑगस्टीनने शास्त्र समजून घेण्याच्या रीतीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने माणसाकडून शिकायला नकार देणाऱ्यांना सुनावले आहे. पौलाला खुद्द प्रभूची वाणी ऐकू आली, तरी त्यालाही हनन्याकडे पाठवले गेले, हा दाखला त्याने दिला. तेव्हा ‘माझ्याजवळ बायबल आहे, पवित्र आत्मा आहे, मला पाळकाची गरज नाही’ असे म्हणणाऱ्याला शास्त्रात आधार सापडणार नाही. अशी माणसेही समाजात आहेत. चार वचने पाठ करून ती घराघरांत भांडणे लावतात. पण त्यांच्यामुळे होणारे नुकसान मंडळीतल्या व्यासपीठावरून होणाऱ्या नुकसानाच्या मानाने थोडे आहे, म्हणून रोख व्यासपीठाकडेच ठेवणे योग्य.

शिक्षक हवा हे मान्य केले की लगेच दुसरी गोष्ट मान्य करावी लागते: शिक्षकाचा हिशेब इतरांपेक्षा कडक होणार आहे. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय याच इशाऱ्याने उघडतो. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कठोर होईल, असे तिथे म्हटले आहे, आणि लिहिणारा त्यांत स्वतःलाही धरतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले, पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्याविषयीचे वचन अनेक मंडळ्यांत वरचेवर ऐकू येते. बहुतेक वेळा ते अर्ध्यावर तोडलेले असते. पुढाऱ्यांना लोकांच्या जिवांचा हिशेब द्यायचा आहे आणि त्या जाणिवेने ते राखण करतात, म्हणून त्यांचे ऐका, असे ते वाक्य पूर्ण होते. हिशेबाचा भाग वगळून आज्ञाधारकपणाचा भाग तेवढा वाचणारा पाळक लोकांचा भरवसा फसवून मिळवतो.

लोकांनी शिक्षकाला तपासण्याचे सर्वांत ठळक उदाहरण बिरुयाचे आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल आणि सीला थेस्सलनीकातून रातोरात बिरुयास पोहोचतात. तिथल्या यहूदी सभास्थानातले लोक पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकतात आणि तो सांगतो ते खरे आहे की नाही हे दररोज शास्त्रात शोधून पाहतात. ही तपासणी सोपी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. घरोघरी शास्त्राच्या प्रती नव्हत्या. गुंडाळ्या हाताने लिहिलेल्या, महाग आणि सभास्थानात ठेवलेल्या असत. अध्याय आणि वचनांचे आकडेही तेव्हा नव्हते. हवा तो मजकूर गुंडाळी उलगडत शोधावा लागे. कामधंदा सांभाळून रोज एकत्र जमायचे, वाचायचे आणि एका प्रेषिताचे म्हणणे मूळ मजकुराशी ताडून पाहायचे, एवढा खटाटोप त्यांनी केला. पौल यावर रागावला नाही. ग्रंथकार लूक या लोकांना थेस्सलनीकातल्या लोकांपेक्षा मोठ्या मनाचे म्हणतो, आणि तपासल्यामुळेच त्यांच्यातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला असे नोंदवतो. गलतीकरांना लिहिताना पौलाने सांगितले की त्याने स्वतः किंवा स्वर्गातल्या दूतानेही वेगळी सुवार्ता सांगितली तर ती स्वीकारू नये. अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौलाने सर्वांदेखत त्याला तोंडावर बोल लावला. पेत्र आणि पौल यांना तपासता येत होते. मग तालुक्याच्या गावातल्या प्रार्थनाभवनाच्या पाळकाला का तपासता येऊ नये, याचे उत्तर कोणी देत नाही.

उत्तराऐवजी एक वचन पुढे केले जाते. अभिषिक्तांना हात लावू नये, संदेष्ट्यांना उपद्रव देऊ नये, अशा आशयाचे हे वचन १०५ व्या स्तोत्रात आहे. कमिटीत पैशाचा हिशेब मागितला, शिकवणीवर शंका घेतली किंवा पाळकाच्या वागणुकीबद्दल तक्रार आली की ते उच्चारले जाते, आणि सभा गप्प होते. भोळ्या माणसांच्या मनात धास्ती बसते की पाळकाला प्रश्न विचारला तर घरावर काही संकट येईल. हा अर्थ त्या स्तोत्रात नाही. स्तोत्र अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याविषयी बोलते आहे. ते संख्येने थोडे होते, परक्या देशात उपरे म्हणून राहत होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते, तेव्हा देवाने त्यांच्यासाठी राजांना दटावले आणि त्यांच्यावर जुलूम होऊ दिला नाही, एवढेच तिथे सांगितले आहे. बलवान राजांपासून दुबळ्या, बेघर कुटुंबाचे रक्षण करणारे हे शब्द आहेत. ते बलवानाच्या हाती देऊन दुबळ्याचे तोंड बंद करणे हा शास्त्राचा उलटा वापर आहे.

स्तोत्रात ज्या घटनेचा उल्लेख आहे तिच्यात तर प्रश्न विचारणेही आहे. उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात अब्राहाम गराराचा राजा अबीमलेख याच्या मुलखात येतो आणि भीतीपोटी सारा आपली बहीण असल्याचे सांगतो. राजा तिला बोलावून घेतो. देव राजाला स्वप्नात बजावतो, आणि अब्राहाम संदेष्टा आहे असेही तिथेच सांगतो. दुसऱ्या दिवशी अबीमलेख त्याच संदेष्ट्याला समोर उभे करून विचारतो की असे का केलेस, आमच्यावर एवढे पाप का आणलेस. अब्राहाम आपल्या अभिषेकाकडे बोट दाखवत नाही. तो उत्तर देतो, आणि ते उत्तर फारसे बरे नाही हे वाचणाऱ्याला दिसते. दावीदाने शौलाला मारले नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त होता. पण गुहेतून बाहेर येऊन त्याने शौलाला त्याच्या सैन्यादेखत जाब विचारला. पुढे दावीद राजा झाला आणि घोर पाप करून बसला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला वाड्यात जाऊन दोषी ठरवले. योहानाच्या पहिल्या पत्रात अभिषेक ही सर्व विश्वासणाऱ्यांना मिळालेली देणगी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडिलांवरच्या आरोपाची रीतच घालून दिली आहे: दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून आरोप घेऊ नये, आणि दोष सिद्ध झालेल्यांना सर्वांसमक्ष दोष द्यावा. पाळकाला खोट्या आरोपापासून संरक्षण आहे, खऱ्या आरोपापासून नाही. अभिषिक्त म्हणवून घेऊन चौकशी टाळणारा माणूस व्यासपीठावर राहण्यास लायक नाही.

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातल्या अकराव्या वचनाची गत वेगळी आहे. ते कोणी धमकीसाठी वापरत नाही. उलट ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नाच्या पत्रिकेवर, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलाच्या मोबाइलवर असते. देवाच्या मनातले बेत हिताचे आहेत, त्यात भविष्य आणि आशा आहे, असा त्याचा आशय. दुःखात असलेल्या माणसाने ते मनाशी धरले तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण व्यासपीठावरून त्याचा अर्थ सांगणाऱ्याने तो अध्याय पूर्ण वाचलेला असला पाहिजे. यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले ते पत्र आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहरात नेले गेलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे पत्रात आधी लिहिले आहे. मग मुदत येते: सत्तर वर्षे. हितकारक बेतांचे वचन त्यानंतर आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आशा होती, ती नातवंडांसाठी. आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला शत्रूच्या शहरात सचोटीने जगण्याचे काम आले होते.

एक अध्याय मागे गेले तर दुसरा प्रचारक भेटतो. हनन्या नावाचा हा संदेष्टा मंदिरात, याजक आणि सर्व लोक यांच्यासमोर, दोन वर्षांत सगळे परत येईल असे जाहीर करतो. यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू तो सर्वांदेखत मोडून टाकतो. लोकांना तो आवडला असणार. दोन वर्षे कोणाला नको आहेत? यिर्मया आधी म्हणतो की तसे झाले तर उत्तमच, पण शांतीचा संदेश देणारा संदेष्टा खरा की खोटा हे त्याचा शब्द प्रत्यक्षात आल्यावर ठरते. नंतर तो हनन्याला सांगतो की त्याने लोकांना खोट्यावर विसंबायला लावले आहे. हनन्या त्याच वर्षी मरतो. आज अकरावे वचन वाचून नोकरी, बंगला, परदेशी व्हिसा या वर्षाअखेर मिळेल असे सांगणारा प्रचारक वचन यिर्मयाचे वाचतो आणि संदेश हनन्याचा देतो. ठरलेल्या मुदतीत काही मिळाले नाही की दोष ऐकणाऱ्याच्या विश्वासावर ढकलला जातो. घर आधीच कर्जात असते, त्यात आपला देवावर पुरेसा विश्वास नव्हता हे नवे ओझे त्याच्या मनावर येते. असा जखमी झालेला माणूस मंडळी सोडतो तेव्हा त्याला जगाची ओढ लागली असे म्हणतात. त्याला घालवणारे व्यासपीठ असते.

मलाखीतल्या दशमांशाच्या वचनावर फार लिहिण्याचे कारण नाही. भांडारात दशमांश आणा म्हणणारे तेच पुस्तक पहिल्या दोन अध्यायांत याजकांची हजेरी घेते आणि त्यांनी आपल्या शिकवणीने पुष्कळांना अडखळवले असा आरोप ठेवते. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेव्याबरोबर उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावच्या वेशीत साठवायचा होता. दशमांश मागणाऱ्याने ही दोन्ही पाने मंडळीला वाचून दाखवावीत आणि वार्षिक हिशेब फलकावर लावावा. आजाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न पैशाच्याही पलीकडे जातो, कारण तिथे जीव जातो. याकोबाने आजाऱ्यासाठी वडिलांना बोलावून प्रार्थना करायला सांगितले आहे, आणि मंडळीने ती केलीच पाहिजे. पण हिज्कीयाच्या गळवावर यशयाने अंजिरांचा लेप लावायला सांगितला, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, हेही त्याच शास्त्रात आहे. क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला गोळ्या बंद करायला सांगणारा प्रचारक शास्त्रज्ञानातही कच्चा असतो आणि माणुसकीतही. त्याला मंडळीने बोलू देऊ नये.

अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, यावर ख्रिस्ती जगाने रक्त सांडले आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये असे ठरवले की पवित्र ख्रिस्तसभेने मानलेल्या अर्थाविरुद्ध कोणीही स्वतःच्या बुद्धीने शास्त्राचा अर्थ लावू नये. त्याआधी, १५२२ मध्ये, ल्यूथरचा जर्मन नवा करार लोकांच्या हाती गेला होता. पण ल्यूथरची गोष्ट तिथे थांबत नाही. काही वर्षांनी सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी झाली तेव्हा सामान्य लोकांना मूलभूत गोष्टी ठाऊक नाहीत आणि पुष्कळ पाळकांना त्या शिकवताही येत नाहीत, हे पाहून तो हादरला. १५२९ चे त्याचे छोटे प्रश्नोत्तरांचे पुस्तक त्यातून आले. पुस्तक हाती देऊन काम संपत नाही, शिकवणाऱ्याला आधी शिकवावे लागते, हा धडा प्रोटेस्टंट पंथाने जन्माच्या वेळीच घेतला होता. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने १६४० च्या दशकात मान्य केले की शास्त्रातले सगळेच सारखे सोपे नाही, मात्र तारणासाठी लागणारे न शिकलेल्यालाही नेहमीच्या साधनांनी कळू शकते. कॅथलिक बाजूने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्राचे दार सर्व भाविकांसाठी खुले केले, आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे असे स्पष्ट लिहिले.

म्हणजे चारशे वर्षे भांडलेल्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट कधी मानली नाही: एकट्या माणसाने अर्थ सांगावा आणि तो कोणी तपासू नये. कॅथलिक धर्मगुरूवर बिशप आहे, परंपरा आहे, परिषदांचे निर्णय आहेत. प्रोटेस्टंट पाळकावर सिनड आहे, वडीलवर्ग आहे, दीक्षेपूर्वीची परीक्षा आहे. या व्यवस्था अपुऱ्या पडतात, कधी सडतात, हे खरे; पण त्या आहेत. आता शहरांच्या कडेला, भाड्याच्या हॉलमध्ये, मोबाइलच्या पडद्यावर असे प्रचारक उभे राहिले आहेत ज्यांच्यावर यातले काहीच नाही. परीक्षा नाही, वडील नाहीत, हिशेबनीस घरातलाच. ट्रेंटने रोमच्या पोपलाही दिला नाही इतका मोकळा अधिकार हे लोक स्वतःला देऊन घेतात आणि त्याला आत्म्याचे स्वातंत्र्य म्हणतात. जुन्या, नोंदणीकृत मंडळ्यांनीही यावर समाधान मानू नये. लोक तिकडे का जातात, याचे एक कारण जुन्या मंडळ्यांतली तयारी न करता केलेली, दरवर्षी तीच ती प्रवचने आहे.

मराठीत या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात शास्त्रकथा सांगणारा पाद्री आहे आणि समोर शंका विचारणारे श्रोते आहेत. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना समजेल अशा भाषेत सांगायचे आणि त्यांच्या शंका ऐकून घ्यायच्या, ही त्या काव्याची घडणच आहे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. लोकांची भाषा गेली की लोकांचा प्रश्नही जातो. मग अर्थ सांगणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. बाबा पदमनजींनी कादंबरी, आत्मचरित्र, शब्दकोश यांच्याबरोबर नव्या करारावर मराठीत टीकाही लिहिली. ती परंपरा आज कोरडी पडली आहे, आणि संमेलनाने तिच्या गौरवाचे ठराव करण्याऐवजी ती कोरडी पडल्याची लाज बाळगली पाहिजे.

या इतिहासात पंडिता रमाबाईंचा प्रसंग सर्वांत जवळून पाहण्याजोगा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असताना सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता होत्या, त्यांचे प्रेम खरे होते, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या या तरुण विधवेने चर्चच्या शिक्षकांचे म्हणणे नम्रपणे मान्य करावे असे त्यांना मनापासून वाटत होते. रमाबाईंनी ते मानले नाही. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते पुन्हा दुसऱ्या पुरोहितांचे म्हणून चढवून घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी १८८५ मध्ये लिहिले. देवाचे वचन मानणे वेगळे आणि धर्मगुरूंचे प्रत्येक वाक्य देवाची आज्ञा म्हणून मानणे वेगळे, हा भेद त्यांनी सोडला नाही. त्र्येकत्वासारख्या गाभ्याच्या विषयांवरही त्या मोकळेपणी वाद घालत होत्या. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते, आसरा वाँटेजच्या धर्मभगिनींचाच होता, आणि परक्या देशात त्यांच्याबरोबर लहानगी मनोरमा होती.

काहींना यात केवळ बंडखोरी दिसते. ते पुढचे पाहत नाहीत. रमाबाईंनी शिक्षक नाकारले नाहीत. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याकडे त्यांनी आपल्या शंका नेल्या, आणि बीलबाईंनी त्या दाबून न टाकता त्यांना उत्तरे लिहिली. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो स्त्रियांचा व्याप सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि दोन वर्षांनी ते बायबल पूर्ण प्रसिद्ध झाले. अधिकाराला प्रश्न विचारणाऱ्या बाईने अर्थ लावण्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यात घातली. प्रश्न विचारणाऱ्याकडून मंडळी फुटते असे म्हणणाऱ्या पाळकांनी केडगावला जाऊन यावे. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि साहित्य अकादमीने त्यांच्या अनुवादाचा गौरव केला. धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा साहित्य आणि शास्त्र या दोन वाटा वेगळ्या आहेत असे मराठीत तरी कोणी म्हणू शकत नाही.

आजच्या पाळकाचीही एक बाजू आहे आणि ती न मांडणे अन्याय ठरेल. खेड्यांत एकाच पाळकाकडे अनेक गावे असतात. पगार तोकडा आणि तोही वेळेवर नाही. घरात बायबल, गायनाचे पुस्तक आणि सेमिनरीतल्या जुन्या वह्या याखेरीज काही नाही. चांगले भाष्यग्रंथ इंग्रजीत, महाग, आणि दुसऱ्या देशांच्या परिस्थितीत लिहिलेले. अशा माणसाने शनिवारी रात्री मोबाइलवर एखादे तयार प्रवचन ऐकून रविवारी ते मराठीत उतरवले, तर दोष त्याच्या एकट्याचा नाही. मंडळी देवळाला नवी फरशी घालते, ध्वनिक्षेपक आणते, ख्रिसमसला मांडव घालते. पाळकाच्या पुस्तकांसाठी वर्षाला काही रक्कम बाजूला काढत नाही. एज्राच्या मंचाभोवती तेरा माणसे समजावून सांगायला होती. इथे एकाला एकटे उभे करून त्याच्याकडून सगळे मागायचे आणि तो चुकला की चूक झाकायची, हा भरवसा नव्हे. ही समाजाची आळशी सोय आहे.

भरवसा कसा कमवायचा हे मात्र पाळकाच्याच हातात आहे. मजकूर कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिला. आधीच्या आणि नंतरच्या वचनांत काय आहे. तीच गोष्ट शास्त्रात इतरत्र कशी आली आहे. मंडळीने आजवर तिचा काय अर्थ घेतला. आणि मगच आजच्या माणसाला ती काय सांगते, या वाटेने गेलेला अर्थ ऐकणाऱ्याला पावलापावलाने तपासता येतो. देवाने रात्री स्वप्नात सांगितले असा आधार दिला की ही वाट बंद होते, कारण दुसऱ्याचे स्वप्न कोणाला तपासता येत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला संदेश देणाऱ्यांबाबतही हेच बजावले होते: दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी. जे नक्की ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे व्यासपीठावरून सांगण्याने पाळक लहान होत नाही. अपुल्लो मोठा वक्ता होता, शास्त्रात निष्णात होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला घरी नेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, आणि तो ते ऐकून घेऊन पुढे अखया प्रांतात जास्त उपयोगी पडला.

पाळकांनी दर रविवारी उपासनेनंतर अर्धा तास मंडळीच्या प्रश्नांसाठी बसावे. मंडळ्यांनी अंदाजपत्रकात पाळकाच्या अभ्यासासाठी रक्कम लिहावी आणि ती दरवर्षी खर्च झाली की नाही हे पाहावे. महाराष्ट्रातल्या सेमिनऱ्यांनी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनी मिळून, शास्त्राच्या एकेका पुस्तकावर मराठीत, इथल्या शेतकऱ्याला, शिक्षिकेला आणि कारखान्यातल्या कामगाराला वाचता येईल असे भाष्य काढावे, आणि मराठी लेखकांनी त्या कामाला आपली लेखणी द्यावी. ऐकणाऱ्याने घरी गेल्यावर त्या दिवशीचा संपूर्ण अध्याय वाचावा, पटले नाही ते लिहून ठेवावे आणि पुढच्या रविवारी पाळकाला नम्रपणे, पण सर्वांसमोर विचारावे.